नख वाढेपर्यंतचा नागरिक

आमच्या पुतण्याने पहिल्यांदा मतदान केलं, ही खबर सगळ्या नातेवाइकांना सकाळी आठ वीसला पोचली. फोटोत बोट स्पष्ट, बोटामागे पुतण्या अस्पष्ट, आणि त्याच्याही मागे त्याची बॅग धरून उभा मी.

आत मी रांगेत त्याच्यामागेच होतो. शाई लावून झाली तरी हा हलेना. "मॅडम, जरा नीट लावता का? पसरलीय." पहाटेपासून त्या खुर्चीत बसलेल्या बाईंनी मान वर केली. "बाळा, मेंदी नाही ही."

बाहेर आल्यावर विचारलं, "काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती पाहिलीस का?" म्हणाला, "हो? ती मिळते का?" उमेदवार किती होते? "असतील दहा-बारा." फोटोला मात्र सतरा मिनिटं लागली. ऊन कुठल्या बाजूने आलं की शाई काळी दिसते, याचा त्याचा अभ्यास पक्का होता.

मुळात ही शाई कशासाठी? एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून. १९६२ पासून आपण ती लावून घेतोय. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, साबणाने जात नाही. म्हणजे सरकारने आपल्याला सरळ सांगितलंय, बाबा रे, तुझा भरवसा नाही, बोट इकडे कर. चाळीत दूधवाला ज्याला दूध घालून झालं त्याच्या दारावर खडूने रेघ मारायचा, तसलीच ही खूण. दारावरच्या त्या रेघेसोबत कोणी फोटो काढल्याचं ऐकिवात नाही. आपण मात्र संशयाची खूण पदकासारखी मिरवतो, आणि वर त्यावर मिसळीत सूट मागतो! मागतो म्हणजे मीही मागितली. "शाई दाखवा, दहा टक्के सूट" अशी पाटीच होती. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी माझं बोट उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं, चोळून पाहिलं. केंद्रावर माझं ओळखपत्रही इतकं निरखून कोणी बघितलं नव्हतं.

राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये नागरिकांची अकरा मूलभूत कर्तव्यं आहेत. मतदान त्यात नाहीच. सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण आहे. त्याला शाई नाही, त्यामुळे फोटो नाही. आमच्या घरासमोरच्या चेंबरचं झाकण गेली पाच वर्षं गायब आहे. कोणाला कळावं म्हणून त्यात शेवग्याची फांदी खोचलीय. फांदी वाळली की मीच नवी खोचतो. या पाच वर्षांत त्या फांदीला वळसा घालून किती हात जोडले गेले, किती पत्रकं दारात पडली! एकालाही खाली बघावंसं वाटलं नाही. आणि आम्ही? आम्ही बोट वर करून उभे! मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं १९८९ मध्ये. मी त्याआधीचा, तीन वर्षं जास्त थांबलेला. तेवढा जास्त विचार करूनही मी झाकण काही आणू शकलो नाही, हे कबूल.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला म्हटलं, चल, झाकणाचा अर्ज देऊन येऊ.

"काका, मतदान केलं ना मी!" आणि त्याने बोट दाखवलं.

एकटाच गेलो. कारकुनाने अर्ज घेतला, पोच दिली. त्याच्या बोटालाही शाई होती. मतदानाची की शिक्क्याच्या पॅडची, ते विचारलं नाही.