खाल्ल्या घरचे वासे

दिल्लीच्या सरोजिनी नगरात दुमजली सरकारी क्वार्टरं होती, त्या काळची ही गोष्ट. सगळी छपरं सपाट. गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि उन्हं खात पडलेल्या रजया. नेमक्या याच वसाहतीत, टाइप टूच्या दोन खोल्यांत, उतरत्या छपरावर जीव ओवाळून टाकणारा माणूस राहत होता. गाव राजापूर तालुक्यातलं, नोकरी केंद्र सरकारात, हुद्दा सेक्शन ऑफिसर. पण वसाहतीतल्या मराठी घरांत ते वासेकाकाच.

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. काका मोजायचेच. गावाकडे कुणाकडे जेवले, की हात धुवायच्या आधी मान वर. "एकोणीस. त्यातल्या दोघांची खाच फार खोल गेलीय. आमटी मात्र छान." दिल्लीत मोजायला काही नाही, म्हणून बाजारातल्या ताडपत्र्यांवर समाधान मानायचे. काकू कुर्त्याचा भाव पाडत असायच्या आणि काका मागून दुकानदाराला बजावायचे, "भैया, इसका ढलान कम है."

'घर फिरलं की वासेही फिरतात' ही म्हण त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "फिरतील कसे? खाच बरोबर असेल तर वासा जागचा हलत नाही. त्या घराचा सुतार कोण होता ते विचारा आधी!"

एका वर्षी गणपतीचं मखर करायचं काम त्यांच्याकडे आलं. खरं तर कुणी दिलं नव्हतं, त्यांनी घेतलं. थर्माकोलचा महाल रद्द, कौलारू घर मंजूर. कीर्तिनगरच्या लाकूडबाजारातून पट्ट्या आल्या. एका पाख्याला सहा वासे. बाजारातला सुतार हातोडी घेऊन उभा, "कील ठोक दूँ जी?" काकांनी त्याला खाली बसवलं आणि 1865 साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, तिथपासून सुरुवात केली.

पण खरं सांगायचं तर, कामाला हात घातला की माणूस बदलायचा. चार आडवे तर तीन उभे, हा उतार. गुण्याच्या एका पात्यावर आठ इंच, दुसऱ्यावर सहा. दोन्ही खुणा पट्टीच्या कडेला भिडवल्या, की एक पातं आडवी रेघ देतं, दुसरं उभी. आडवा काप तुळईवर बसतो, उभा काप तिच्या बाहेरच्या अंगाला टेकतो. खाच वाशाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून खोल जाता कामा नये, नाहीतर वासा तिथेच मोडायचा. करवत रेघेच्या आत राहायची, उरलेलं पटाशीने हलकेच. पहिला वासा बसवून पाहिला, काढला, पुन्हा बसवला. मग त्याच्यावर पेन्सिलीने 'मूळ प्रत' लिहून तारखेसह सही केली आणि बाकीचे अकरा त्याच्यावरून आखले. आधीच्या नकलेवरून पुढची नक्कल करायची नाही. चूक वाढत जाते. फायलींतही हेच होतं, म्हणाले.

चतुर्थीच्या आदल्या रात्री दोन वाजता शेवटचा वासा बसला. सुतार तोवर घरी गेला नव्हता. मूळ प्रत हातात घेऊन उलटसुलट बघत होता.

आता त्यांच्या स्वतःच्या घराचं सांगायला हवं, जे काका कुणाला सांगत नसत. राजापूरच्या घरावरची कौलं धाकट्या भावाने केव्हाच उतरवली. कोण दरवर्षी माकडांच्या मागे कौलं शाकारणार? लोखंडी पाइप आणि वर पत्रे. मे महिन्यात काका गेले, भावजयीच्या हातचं जेवले आणि सवयीने मान वर केली. काकूंनी ताटावरूनच डोळे वटारले.

त्या वेळी काका काही बोलले नाहीत. दिल्लीला परतल्यावर आठवडाभर सायंकाळी दिसेनात, म्हणून चौकशी केली. काकू म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे असतील. पाइपाचं तोंड कोणत्या कोनात कापायचं ते त्याला समजावतायत."