अकरा राजपार्टी, एक बॉल

गेल्या वर्षी एप्रिलात आमच्या वाडीने फुटबॉलचा संघ विकत घेतला. उभारला असं म्हणत नाही, विकत घेतला. टेनिस बॉल क्रिकेटच्या प्रीमियर लीगा करून सगळे कंटाळले होते. तेव्हा लिलाव तोच ठेवायचा आणि फक्त बॉल मोठा करायचा, असं ठरलं. आमच्या मालकांनी पहिल्या वीस मिनिटांत चार सेंटर फॉरवर्ड उचलले, कारण चौघांच्याही नावापुढे 'गोव्यात खेळलेला' असं लिहिलं होतं. लिलावाचे पॉइंट संपल्यावर लक्षात आलं की गोलकीपर राहिला. मग बर्फाच्या कारखान्यात कामाला असलेला एक उंच मुलगा जाळ्यासमोर उभा केला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की उंची आहे ती आहे, पण अंगावर आलेला बॉल त्याला आवडत नाही. तीन सामन्यांत आम्ही चौदा गोल खाल्ले आणि दोन मारले. त्यातला एक समोरच्यांनीच आम्हाला मारून दिला होता.

तेव्हापासून मी या विषयाचा अभ्यास करतो आहे. लोक समजतात की विजोड संघ नशिबाने पदरात पडतो. अजिबात नाही. त्याला पैसा लागतो, चिकाटी लागते आणि पद्धत लागते. ज्यांना असा संघ काढायचा आहे, आणि ज्यांना त्या संघामागे मालवणहून मडगावच्या फातोर्डा स्टेडियमपर्यंत जाऊन स्वतःच्या जिवाला त्रास करून घ्यायचा आहे, अशा दोघांच्याही सोयीसाठी ती पद्धत इथे देतो.

खरेदीला निघताना नाव बघून निघावं. मालवणच्या जेटीवर लिलावाला उभी राहिलेली कुठलीही काकी सुरमईचा कल्ला उचलून आत लाल आहे की तपकिरी ते बघते, पोटाला बोट लावते आणि मगच बोली बोलते. संघमालकाने हे चुकूनही करू नये. कल्ला उचलला की वय दिसतं. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघाने एकेक 'मार्की', म्हणजे मोठ्या नावाचा, खेळाडू आणला. केरळा ब्लास्टर्सचा डेव्हिड जेम्स गोलातही उभा राहायचा आणि प्रशिक्षकही तोच होता. वय ४४. (केरळा त्या वर्षी अंतिम फेरीत गेला, हे मान्य. प्रत्येक शास्त्राला अपवाद असतात, त्याने खचून जाऊ नये.) एफसी गोव्याने रॉबेर पिरेस आणला, त्याला हंगाम चालू असतानाच एक्केचाळिसावं पूर्ण झालं. एफसी पुणे सिटीने डेव्हिड त्रेझेगे आणला.

आता ही शेवटची दोन नावं शेजारी ठेवून बघा. २००० सालच्या युरो स्पर्धेची अंतिम लढत, फ्रान्स विरुद्ध इटली, जादा वेळ. डाव्या बाजूने पिरेसने बॉल आत घातला आणि त्रेझेगेने तो जाळ्यात ठोकून फ्रान्सला युरोप जिंकून दिला. चौदा वर्षांनी दोघेही आपल्या मुलखात आले. पास देणारा फातोर्ड्यात, गोल मारणारा पुण्याच्या बालेवाडीत. मध्ये आंबोली घाट. जोडी आणायची, पण एका घरात नांदवायची नाही. आमच्या वाडीला हे अजून जमायचं आहे.

नावं गोळा झाली की सगळ्यांना एकच काम द्यावं. इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण आमच्या जिल्ह्यात याच्या अगदी उलट शिक्षण देणारी एक संस्था शेकडो वर्षं चालू आहे, आणि तिच्यापासून मालकांनी सावध राहिलं पाहिजे. ती म्हणजे दशावतार. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की गावोगाव रात्रभर नाटक चालतं. संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरतं, कोण कुठला पार्ट करणार ते ठरतं आणि बाकी सगळं मंचावर. राजाचा पार्ट करणारा राजपार्टी तलवार उपसून काय बोलेल ते खलपार्टीला आधी माहीत नसतं, पण तो कसा बोलतो ते माहीत असतं. स्त्रीपार्टीने पदर सावरला की पेटीवाला सूर पकडतो. संकासुराला किती वेळ हसवायचं आणि कधी आवरायचं ते कळतं. आणि तो मृदंगवाला! रात्री बसला की पहाटे दहीकाल्यापर्यंत उठत नाही, त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि त्याचा हात थांबला तर मात्र राजाचं पाऊल पडत नाही. मिडफिल्ड म्हणजे काय, हे मला कुठल्याही समालोचकाने समजावलं नाही, ते देवळाच्या मांडवात समजलं.

आमच्या शेजारचे आबा फुटबॉल बघत नाहीत. पण गेल्या वर्षीची आमची यादी त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "सगळेच राजपार्टी? मगे चवरी कोण ढाळतलो?"

आबांचं ऐकू नये. रेआल माद्रिदनेही ऐकलं नव्हतं. २००३ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे झिदान होता, फिगो होता, रोनाल्डो होता, राऊल होता. त्यात बेकहॅम आणला. त्याच उन्हाळ्यात क्लोद माकेलेले नावाचा मृदंगवाला चेल्सीला विकून टाकला. तो गोल मारत नव्हता, त्याचे शर्ट खपत नव्हते, तो फक्त बॉल काढून घेऊन जवळच्या माणसाला द्यायचा. पुढच्या हंगामात शेवटचे पाच लीग सामने ओळीने हरून माद्रिद चौथं आलं. पुढची लीग जिंकायला २००७ उजाडलं. इतक्या मोठ्या घरातही ही पद्धत चालते म्हटल्यावर आपण लाजायचं कारण नाही. सोलकढीतलं कोकम काढून काजू घातले की महागातला नारळाचा रस मिळतो, एवढंच.

बाजूंचा समतोल हे दुसरं खूळ. रापण ओढताना एक दोर किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी अर्धगोल फिरून जाळं सोडत येते आणि दुसरा दोर पुढे किनाऱ्याला लावते. मग दोन्हीकडची माणसं सारख्या वेगाने ओढत, हळूहळू एकमेकांकडे सरकत येतात. एका बाजूने जोर केला, दुसरी ढिली पडली की मासळी तिथून निघून जाते. म्हणून उजवीकडे तीन विंगर घ्यावेत आणि डावीकडे, उजव्या पायाचा का असेना, मालकांच्या ओळखीतला एक मुलगा ठेवावा. आमच्या संघाचा दुसरा सामना बघायला दोन रापणकार आले होते. दहा मिनिटं बघून एक जण दुसऱ्याला म्हणाला, "हेंच्या रापणीक एकच दोर आसा." आणि दोघे चहाला गेले.

प्रशिक्षकाची निवड खरेदी झाल्यावर करावी, म्हणजे आलेला माणूस ज्या पद्धतीचा खेळ शिकवतो, त्या पद्धतीचा एकही खेळाडू घरात नसेल याची खात्री राहते. आणि तो दर वर्षी बदलावा. एफसी पुणे सिटीने २०१४ ला फ्रांको कोलोम्बा, २०१५ ला डेव्हिड प्लॅट आणि २०१६ ला अंतोनियो हाबास आणले. एक इटलीचा, एक इंग्लंडचा, एक स्पेनचा. मार्कीही तसेच: त्रेझेगे, मग आद्रियन मुतू, मग आयदुर गुडयॉनसन. हा शेवटचा हंगामाआधीच जायबंदी झाला आणि त्याच्या जागी मोहम्मद सिसोको आला. एक म्हणतो पुढे दाबा, दुसरा म्हणतो मागे थांबा, आणि आपला डावा बॅक दर वर्षी नव्या भाषेत शिव्या खातो. आठ संघांच्या लीगमध्ये पुणे अनुक्रमे सहावं, सातवं, सहावं आलं. चौथ्या वर्षी रांको पोपोविच आला, संघ पहिल्यांदा बाद फेरीत गेला आणि मला वाटलं, शास्त्र बुडालं. पण पुढच्या हंगामात पुन्हा प्रशिक्षक बदलले, एकाच हंगामात दोन. २०१९ ला क्लबच बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली.

मालकांचं झालं. आता चाहत्याने काय करावं?

चाहत्याने आधी हारतुरे घेऊन विमानतळावर जावं. हा टप्पा सगळे विसरतात. संघ विजोड झाला की आपण मालकांना बोलतो, पण नाव जाहीर झालं त्या संध्याकाळी फटाके कुणी लावले? मी स्वतः २०१४ ला पिरेसचा फोटो मोबाइलवर ठेवला होता. आर्सेनलच्या त्या अख्खा लीग हंगाम न हरलेल्या संघातला माणूस आपल्या घरापासून तीन-चार तासांवर खेळणार, म्हणून मी आठवडाभर धड जेवलो नव्हतो. त्याला मिडफिल्डमध्ये साथ कोण देणार, हा प्रश्न मला सुचला नाही. काटा फक्त बांगड्यालाच असतो असं समजायचं माझं वय तेव्हा नव्हतं, तरी समजलो.

मग गाडी करावी. सात जणांच्या गाडीत नऊ. कुडाळ, झाराप, बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी, जुवारीचा पूल, मडगाव. येताना गोव्याच्या हद्दीतच पेट्रोल भरून घ्यावं, तेवढीच एक गोष्ट त्या रात्री फायद्यात पडते. स्टेडियममध्ये पहिल्या अर्ध्या तासात 'वायच दम धरा' म्हणावं, दुसऱ्या अर्ध्या तासात 'ह्येका खयसून आणल्यानी?' म्हणावं आणि त्यानंतर काही म्हणू नये, कारण घसा गेलेला असतो. परतीच्या वाटेवर बांद्याला चहाच्या टपरीवर थांबून संघ नव्याने रचावा. टपरीवर रचलेला संघ आजवर एकदाही हरलेला नाही.

एक दुखणं मात्र या पद्धतीत बसत नाही, ते सांगतो. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, अंतिम सामना, गोवा विरुद्ध चेन्नईयिन. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला आणि गोवा २-१ पुढे गेला. आमच्या रांगेतल्या एकाने घरी फोन लावला. ९०व्या मिनिटाला गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या हातून बॉल आपल्याच जाळ्यात गेला. आणखी दोन मिनिटांनी चेन्नईयिनच्या मेंडोझाचा गोल. ३-२. फोन चालूच होता, पलीकडून त्याची आई 'हॅलो, हॅलो' म्हणत होती. पुढच्याच वर्षी गोवा तळाला गेला, आठात आठवा, आणि बांद्याच्या टपरीवर आम्ही एकमताने ठरवलं की या गोलकीपरमुळेच सगळं.

२०१७ ला गोव्याने सेर्जियो लोबेरा हा प्रशिक्षक आणला आणि सायप्रसच्या एका क्लबातून फेरान कोरोमिनास. आमच्यापैकी कुणीही हे नाव ऐकलेलं नव्हतं. विमानतळावर जायचा प्रश्नच नव्हता. त्याने पहिल्या हंगामात १८ गोल केले, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १४. त्याला बॉल कुठे हवा हे मागच्यांना माहीत होतं आणि मागच्यांना तो कुठे सापडेल हे त्याला. तीन वर्षं आम्हाला टपरीवर बोलायला विषय नव्हता. चहा पिऊन मुकाट्याने घरी जायचो. चाहत्याच्या आयुष्यातला तो फार कंटाळवाणा काळ.

आणि कट्टीमनी? तो पुढे हैदराबादला गेला. पुण्याची जागा घेतलेलं तेच हैदराबाद, जे पहिल्या हंगामात १८ सामन्यांत १० गुण मिळवून तळाला होतं. २० मार्च २०२२ ला हैदराबाद अंतिम फेरीत होतं, केरळा ब्लास्टर्सविरुद्ध, आणि सामना होता फातोर्ड्यालाच. १-१ अशी बरोबरी झाली, पेनल्टी लागल्या. कट्टीमनीने तीन अडवल्या आणि हैदराबादने लीग जिंकली. तेच गोलपोस्ट, तेच हात. मी घरी टीव्हीवर बघत होतो. शेजारी आबा बसले होते. त्यांना मी २०१५ चं सगळं सांगितलं.

"म्हणजे माणूस तोच?" आबांनी विचारलं.

"तोच."

"मगे आदी त्येच्याफुडे कोण उभे होते?"

मला सांगता आलं नाही. सहा वर्षं मी त्या एका क्षणाबद्दल बोलत होतो आणि त्या क्षणी बचावफळीत कोण कुठे होतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

यंदाचा लिलाव मागच्या रविवारी झाला. बर्फवाल्या मुलाला शेजारच्या वाडीने घेतलं, स्टॉपर म्हणून. अंगावर आलेला बॉल आवडत नाही, म्हणून तो डोक्यानेच परत पाठवतो म्हणे, आणि चांगला लांब पाठवतो. आम्ही पाचवा सेंटर फॉरवर्ड घेतला आहे. म्हापशाला खेळलेला. आणायला बांद्यापर्यंत गाडी करतोय, एक सीट रिकामी आहे.