मी विचारलं नव्हतं

गोल्फच्या नियमपुस्तकात 10.2 क्रमांकाचा एक नियम आहे. स्पर्धेची फेरी चालू असताना खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला सल्ला द्यायचा नाही. कोणता क्लब घ्यावा, फटका कसा मारावा, यातलं काहीही सुचवलं की सुचवणाऱ्याला दंड: स्ट्रोक प्लेमध्ये 2 फटके, मॅच प्लेमध्ये ते होलच हातचं गेलं. सल्ला मागणाऱ्यालाही तोच दंड. आपल्या कॅडीशी बोलायला मोकळीक आहे, आणि जोडीने खेळत असाल तर जोडीदाराशीही. झेंडा किती यार्डांवर आहे हे मात्र कुणीही कुणालाही सांगावं, कारण अंतर ही माहिती झाली, सल्ला नव्हे. नियम इतका स्वच्छ आहे. तरी रविवारच्या आपापसातल्या खेळात तो पहिल्या टीपासूनच कुणाच्या गावीही नसतो.

मला माझा खेळ सुधारायचा आहे. त्यासाठी मी रीतसर शिकवणी लावली आहे, घरी गालिच्यावर पटिंग करतो, ऑफिसला जाण्याआधी रेंजवर जातो. सुधारणेच्या आड जर काही येत असेल, तर ते म्हणजे न मागता मिळणारं मार्गदर्शन.

माझा बॉल वर्षानुवर्षं उजवीकडे वळून झाडीत जायचा. उजव्या हाताने खेळणाऱ्या बहुतेक हौशी लोकांचा हाच आजार. प्रशिक्षकाने मागून व्हिडिओ काढला आणि दाखवलं की क्लब बाहेरून आत येतो आहे आणि बॉलला लागताना क्लबफेस उघडा राहतो आहे. बॉल कुठल्या दिशेला निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो, आणि तो हवेत किती वळणार हे फेस व क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरतं. म्हणून त्याने आधी पकड बदलली. डावा हात किंचित उजवीकडे फिरवायचा, इतका की वरून पाहिल्यावर बोटांचे 2 ते 3 सांधे दिसले पाहिजेत. आणि बजावलं, ‘आता काही आठवडे बॉल डावीकडे जाईल. जाऊ द्या. तुमचा मार्ग अजून जुनाच आहे, फेस तेवढा बंद झालाय. मार्ग आपण नंतर घेऊ.’

त्याप्रमाणे रविवारी बॉल डावीकडे गेला. आमच्या फोरबॉलमधले एक ज्येष्ठ गृहस्थ लगबगीने टीवर आले. हँडिकॅप 24, स्वभाव अतिशय प्रेमळ. ‘अहो, ही कसली पकड? कुणी शिकवली तुम्हाला?’ असं म्हणत त्यांनी आपला हातमोजा घातलेला पंजा माझ्या डाव्या हातावर ठेवला आणि एकेक बोट सोडवून हात होता तसा फिरवून दिला. वडिलांच्या वयाचा माणूस. त्यांचा हात झटकणार कसा? पुढचा बॉल उजवीकडे वळत वळत फेअरवेच्या कडेला पडला. ‘बघा!’ ते म्हणाले. मधल्या सगळ्या सकाळींची मेहनत त्या एका ‘बघा’मध्ये गेली. हे गृहस्थ वाईट नाहीत, म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नाही. पण बदलाच्या मधल्या टप्प्यात खेळ आधी बिघडतो, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेरच्या माणसाने हात घातला की शिकणारा ना जुन्या सवयीचा राहतो ना नव्या. याचा मला मनापासून राग येतो.

दुसरं वाक्य तर सगळ्यांना पाठच आहे. बॉल जमिनीलगत सरपटत गेला की मागून येतंच, ‘डोकं वर उठलं!’ बॉल टॉप होतो तो बहुधा वजन मागच्या पायावर राहिल्यामुळे, हात कोपरात दुमडल्यामुळे किंवा कंबर आणि छाती वर उचलल्यामुळे. डोकं या सगळ्याबरोबर वर जातं. ते परिणामात मोडतं, कारणात नाही. अनिका सोरेनस्टॅमची नजर तर क्लब बॉलला लागण्याआधीच लक्ष्याकडे वळू लागायची. तिने 10 मेजर स्पर्धा जिंकल्या आणि 2001 मध्ये एका फेरीत 59 फटक्यांचा पराक्रम केला. 1999 मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोचलेल्या डेव्हिड डुवलचंही तसंच. याउलट ‘डोकं खाली, डोकं खाली’ घोकत मान गोठवून धरणाऱ्या माणसाचे खांदे फिरत नाहीत, वजन पुढे येत नाही, आणि बॉल पुन्हा टॉप होतो. मग तोच सल्ला पुन्हा मिळतो, अधिक मोठ्या आवाजात.

ग्रीनवरही सुटका नाही. 8 फुटांचा पट चुकला की ‘मनगट हललं.’ अमेरिकेच्या व्यावसायिक टूरवरचे खेळाडूसुद्धा 8 फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. त्यांची मनगटं हलतात असं कुणी म्हणत नाही. काही पट नुसतेच चुकतात.

ड्रायव्हिंग रेंजवर नियम 10.2 लागू होत नाही, म्हणून तिथे सगळ्यांना रान मोकळं. महिला खेळाडूंना तर याचा दुप्पट जाच. आमच्या रेंजवर एक मुलगी येते. तिचा सात नंबरचा आयर्न ऐकत राहावा असा वाजतो. तिच्यामागे उभे राहून तिला स्विंग समजावणारे पुरुष मी पाहिले आहेत, ज्यांचे स्वतःचे बॉल मॅटच्या कडेवरून घरंगळत होते. ती आता कानांवर हेडफोन लावून येते. गाणी ऐकायला नव्हे, बोलणं टळावं म्हणून. हे मला लाजिरवाणं वाटतं. क्लबच्या दारावर कॉलरचा टी-शर्ट हवा, जीन्स चालणार नाही, असा फलक असतो. सरावाला आलेल्या मुलीला तिच्या मर्जीविरुद्ध शिकवू नये, हे त्याच फलकावर लिहायला काय हरकत आहे?

कॅडीचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. जोडीदार सोडला तर नियमाने बोलायचा हक्क असलेला तो एकटाच, आणि सगळ्यात कमी बोलणाराही तोच. ‘साहेब, सात नको, सहा घ्या. वारा समोरून आहे.’ बस. स्विंगबद्दल अवाक्षर नाही. या मंडळींना खेळ कळत नाही असं नाही. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्लीत कॅडी म्हणूनच वर आला होता. तुमच्यामागे बॅग घेऊन चालणाऱ्याला तुमची चूक दिसतेच, फक्त फेरीच्या मध्यावर ती सांगून काही साधत नाही, हे त्याला कळतं.

मदतच करायची असेल तर कामं भरपूर पडलेली आहेत. बंकरमधून बाहेर पडताना आपल्या पावलांवर रेक फिरवा. बॉल पडून ग्रीनवर झालेला खड्डा बुजवा, कडेची माती आत ढकलून, खालून उपसून नव्हे. माझा बॉल गवतात हरवला तर शोधायला या. 2019 पासून त्यासाठी 5 ऐवजी 3 मिनिटंच मिळतात, चार जोड्या डोळ्यांची खरंच गरज असते. सापडला की नुसतं बोट दाखवा. पुढे तो कसा मारायचा ते मी प्रशिक्षकाला विचारून ठेवलं आहे.