बालकांचे इनाम खालसा

इसवी सन 1852 मध्ये कंपनी सरकारने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनाला कायद्याचे बळ देऊन, ज्यांच्यापाशी सनदा नव्हत्या किंवा असून वाळवीच्या उदरात गडप झाल्या होत्या, अशा अनेकांच्या पिढीजाद जमिनी खालसा केल्या, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचले. परंतु त्याच धर्तीची एक चौकशी दर साल एप्रिल महिन्यात पुणे, ठाणे, नाशिक आदी शहरांतील सुशिक्षित घरांतून भरते आणि तीत इयत्ता पहिली ते नववीच्या समस्त रयतेचे मे महिन्याचे इनाम एका बैठकीत जप्त होते, याची दखल कोणा इतिहासकाराने अद्याप घेतलेली नाही. या इनामावर सारा नव्हता, पट्टी नव्हती, आणि उपभोगणाऱ्याने संध्याकाळी घरी आल्यावर त्याचा हिशेब द्यावा अशी वहिवाटही नव्हती. दुर्दैवाने सनदही नव्हती. शेवटचा पेपर देऊन दप्तर कोनाड्यात भिरकावले की जूनच्या मध्यापर्यंतचे दिवस (विदर्भात सूर्यनारायणाच्या कृपेने त्याहून थोडे अधिक) आपले, एवढ्या तोंडी पुराव्यावर हा भोगवटा चालत आला होता. आणि तोंडी पुरावा कोणत्या कमिशनाने कधी मानला आहे?

जप्त मिळकत पडीक ठेवणे चोख कारभारास शोभत नाही, म्हणून ती तत्काळ मक्त्याने दिली जाते. मक्तेदारास ‘उन्हाळी शिबिर’ म्हणतात आणि त्याच्या कबुलायतीस ‘माहितीपत्रक’. हा दस्तऐवज प्रत्येक पालकाने एकदा तरी स्वस्थचित्ताने वाचण्याजोगा असतो. तीस मुलांच्या तुकडीतील तीसही जणांस नेतृत्वगुण प्राप्त होतील अशी हमी त्यात असते. अनुयायी कोणी व्हावयाचे, हे कलम मात्र मोघम ठेवलेले असते. त्यापाठोपाठ आत्मविश्वास, स्मरणशक्ती, रोबोटिक्स आणि वैदिक गणित येते, ज्याचा ग्रंथ 1965 साली प्रसिद्ध झाला. मग येते विनाअग्नी पाककला, म्हणजे चुरमुऱ्यांत कांदा-टोमॅटो कालवून भेळ करणे. पूर्वी याच मे महिन्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजे आणि उडदाच्या पापडांच्या लाट्या पडत. चिकाची वाटी व चोरलेल्या चार लाट्या हा बालकांचा हक्क, आणि त्याच्या मोबदल्यात गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकणे ही त्यांची चाकरी, असे ते बिनबोभाट वतन होते. त्या वतनात पाककलेस अग्नी लागे, पण प्रमाणपत्र लागत नसे.

वारली चित्रकलेची गोष्ट त्याहून मनोरंजक आहे. डहाणू-तलासरीकडे लग्नघराच्या भिंतीवर, गेरूच्या सारवणावर, तांदळाच्या पिठाने सुवासिनी जो चौक लिहितात, आणि जी कला कागदावर उतरवून देशोदेशी पोहोचविल्याबद्दल जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, ती येथे वहीच्या पुठ्ठ्यावर ॲक्रिलिक रंगाने पाऊण तासात उरकते. कारण पुढील तासिका ‘एकाग्रता’ हिची असल्यामुळे चित्रात फार गुंतून राहण्यास कोणासही परवानगी नसते.

तथापि मक्तेदारीचा खरा उत्कर्ष पाहावयाचा असेल, तर गृहनिर्माण संस्थेच्या क्लबहाऊसात जावे. खाली आवारात ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून’ असा फलक असतो. तो ज्या कार्यकारिणीने मोटारींच्या काचांच्या काळजीपोटी लावला, तीच कार्यकारिणी वर, वातानुकूलित दालनात, ‘पारंपरिक मैदानी खेळ’ या शिबिराचे नारळ फोडून उद्घाटन करते. तेथे लगोरीच्या सात चिपा लाकडी, चेंडू स्पंजाचा आणि मैदान सतरंजीचे असते; आणि लपण्यास जागाच नसल्यामुळे डब्बा ऐसपैस हा खेळ चित्रफितीवर दाखविला जातो. तीन मजले खाली जे फुकट करण्याचा गुन्हा आहे, ते वर पैसे भरून केले असता व्यक्तिमत्त्वविकास होतो, हा कारभार नाना फडणविसांच्या दप्तरातही सापडणार नाही.

येथे सरकारही आपला वाटा विसरत नाही. वस्तू व सेवा कराच्या नियमांप्रमाणे कलेचे किंवा संस्कृतीचे शिक्षण कोणी व्यक्ती स्वतः देत असेल तर माफी आहे, आणि खेळाचे शिक्षण नोंदणीकृत धर्मादाय संस्था देत असेल तरीही माफी आहे. परंतु तीच लगोरी एखादी कंपनी शिकवू लागली आणि तिची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या पलीकडे गेली, तर शुल्कावर 18 टक्के कर बसतो. म्हणजे 5000 रुपयांच्या लगोरीवर 900 रुपये. विटीदांडूस निराळा दर लावण्याचे अद्याप कोणाच्या मनात आलेले दिसत नाही.

ज्यांची ऐपत मोठी, त्यांच्यासाठी ‘मामाचा गाव’ हा मुक्कामी कार्यक्रम असतो. खुद्द मामा हिंजवडीस नोकरीला असल्यामुळे गाव भाड्याने घ्यावे लागते, हे समजण्यासारखे आहे. बैलगाडी, विहीर, चुलीवरची भाकरी आणि शेणाने सारवलेले अंगण असा सरंजाम वेळापत्रकानुसार सादर होतो. बैलाचा कासरा धरून छायाचित्राच्या चौकटीबाहेर उभा असलेला मुलगा मात्र त्याच गावचा असतो. त्याचेही वय दहा-अकराच असते, तोही शाळेच्या सुट्टीतच असतो, पण त्याचा अनुभव समृद्ध करण्याचा विचार माहितीपत्रकात आढळत नाही.

मुलांना एकत्र जमवणे हे नवे नाही, आणि वाईट तर मुळीच नाही. राष्ट्र सेवा दल 1941 साली निघाले, साने गुरुजींच्या निधनानंतर 1951 साली त्यांच्या नावाने कथामाला सुरू झाली, पुण्यात 1985 पासून गरवारे बालभवन आहे. या मंडळींनी मुलांना गाणी दिली, गोष्टी दिल्या, सेवा दलाने तर श्रमदानाचे घमेलेही उचलावयास लावले. परंतु कोणाच्या चिरंजीवांचे दोन आठवड्यांत रूपांतर करून देण्याचा करार त्यांनी केल्याचे ऐकिवात नाही.

आता प्रतिपक्षाची कैफियतही नमूद केली पाहिजे, कारण ती बळकट आहे. आई-वडील दोघेही सकाळी कामावर जातात, आजी गावी किंवा दुसऱ्या लेकाकडे असते, वाडा पाडून तेथे इमारत झालेली असते, आणि सहा आठवडे पोरास कुलूपबंद सदनिकेत दूरदर्शनसंचाच्या हवाली करणे कोणत्याही मातेस रुचणार नाही. ही गरज खरी आहे व तिला एक जुने, प्रतिष्ठित नाव आहे: पाळणाघर. पाळणाघराने कोणाचा कमीपणा होत नाही. आमची तक्रार एवढीच, की पालकांच्या अडचणीची किंमत पालकांनी भरावी आणि तिची परतफेड मात्र मुलाने नेतृत्वगुण, एकाग्रता व समारोपाच्या दिवशी रंगमंचावरील समूहनृत्य या रूपाने करावी, हा सौदा दुसऱ्या पक्षाची सही न घेता झालेला आहे.

तेव्हा शिबिरचालकांनी दर हवा तर तोच ठेवावा, पण विकासाची हमी मागे घ्यावी. आणि कार्यकारिणीने मे महिन्यापुरता, सायंकाळी 5 ते 7, तो फलक उतरवून ठेवावा, फुटलेल्या काचांचा खर्च संस्थेच्या खाती टाकावा. शिबिराच्या उद्घाटनाच्या नारळांपेक्षा काचा महाग पडतील, हे आम्हांस मान्य आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेस वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. वाचकांपैकी जे सभासद असतील त्यांनी हा ठराव लेखी स्वरूपात, मुदतीत, चिटणिसांकडे देऊन पोच घ्यावी.