तिसऱ्या दिवशीची विचारपूस

'अनुशेष' हा शब्द मराठवाड्याचं लेकरू बाराखडीच्या आधी शिकतं. १९८४ साली दांडेकर समितीनं आमचा अनुशेष मोजून दिला. रस्ते मोजले, सिंचन मोजलं, वीज, शाळा, पाणी, दवाखाने, सगळं मोजलं. जनावरांच्या दवाखान्यांचाही वेगळा रकाना होता. म्हणजे म्हैस आजारी पडली तर आम्ही किती मागे आहोत, ते सरकारला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. म्हशीच्या मालकाचं डोकं थाऱ्यावर नसेल तर किती मागे, असा वेगळा रकाना काही त्यात नव्हता.

तो आपणच भरून टाकू. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. चारही इंग्रजांच्या काळातली. तेव्हा आम्ही निजामाकडे होतो. १९४८ ला सुटलो, १९६० ला महाराष्ट्रात आलो, आणि यादीतली नावं आजही तीच चार. जालन्याला पाचव्याची घोषणा झालेली आहे. घोषणेत दाखल होता येत नाही, एवढीच अडचण. तोवर नांदेडकरानं पेशंटला घेऊन रात्रभर पनवेल एक्सप्रेसमध्ये बसायचं. ज्याला चार दिवस झोप नाही, ज्याला गाडीतला प्रत्येक माणूस आपल्याबद्दलच बोलतोय असं वाटतंय, त्याला जनरलच्या डब्यात पुण्यापर्यंत न्यायचं. ज्यांनी नेलंय त्यांना विचारा. नाहीतर नका विचारू, ते सांगणार नाहीत.

मागे एका सरकारी दवाखान्यात मानसिक आजारांच्या ओपीडीबाहेर बसलो होतो. कुणासाठी, ते सोडा. शेजारी एक मावशी. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत फाईल, फाईलच्या आत लिंबू, अंगारा आणि दर्ग्याचा ताईत. शेजारी विशीतलं पोरगं, मान खाली. मी विचारलं, कधीपासून? मावशी म्हणाल्या, "तीन वर्सं झाली दादा. आदी बाहेरचं हाय म्हनले. माहूरला नेऊन आनलं, दर्ग्याला नेऊन आनलं. आता इथं. रातभर जागूलालंय, माय." आत बोलावणं आलं. सहा मिनिटांत बाहेर. चिठ्ठीवर तीन गोळ्या, खिडकीवर दोन होत्या. तिसरी? "बाहेरून घ्या, नाहीतर पुढच्या आठवड्यात या." मावशींचं गाव ऐंशी किलोमीटरवर. रोज दोन एसट्या.

अंगाऱ्याला हसू नका. दर्गा रविवारी उघडा असतो, तिथं कुणी 'गोळ्या संपल्या' म्हणत नाही, आणि मावशीला कुणीतरी तासभर बसवून ऐकून घेतं. या एका बाबतीत देवऋषी आरोग्य खात्याच्या पुढे आहे. सुधारणा करायचीच असेल तर तिथून सुरुवात करता येईल.

कायद्याच्या बाबतीत मात्र आमच्याइतके श्रीमंत आम्हीच. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. वाचला तर डोळ्यांत पाणी येईल इतका चांगला आहे. माणसाला डांबून ठेवू नका, समाजात राहणं हा त्याचा हक्क आहे, असं त्यात लिहिलंय. पुढची गंमत बघा. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर दोन माणसं अशी हवीत, ज्यांनी हा आजार स्वतः भोगलाय. दोन घरची, म्हणजे सांभाळणारी. दोन स्वयंसेवी संस्थांची. पुनर्विलोकन मंडळात जिल्हा न्यायाधीशांच्या बरोबरीनं बसायला भोगलेल्यांना आणि सांभाळणाऱ्यांनाही जागा. म्हणजे आमच्या मावशी थेट न्यायाधीशांच्या शेजारच्या खुर्चीत, कायद्यानं! याला म्हणायचं लोकसहभाग.

खुर्ची आहे. बैठक कधी, ते विचारू नका. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी जनहित याचिका केली ती बरे होऊनही वर्षानुवर्षं मनोरुग्णालयातच राहिलेल्या माणसांसाठी. त्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाला प्राधिकरणाच्या कारभाराचीच झाडाझडती घ्यावी लागली. माणसं बरी झाली तरी बाहेर येईनात, आणि त्यांना बाहेर काढायची यंत्रणा आतून जागी होईना. तुमच्या जिल्ह्याच्या मंडळावर 'भोगलेला माणूस' कोण आहे, त्याचं नाव विचारून बघा. मी विचारलं. समोरच्या साहेबांनी पंख्याचा वेग वाढवला.

पण आमच्याकडे एक समिती अशी आहे, जी नेमानं बसते. जिल्हाधिकारी स्वतः अध्यक्ष. तिच्यासाठी तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार धुळीच्या रस्त्यानं गावात येतात, घरात येतात, खाली सतरंजीवर बसतात, बायकोला विचारतात, भावाला विचारतात, शेजाऱ्याला विचारतात. झोप लागत होती का, कुणाशी बोलत होता का, कर्ज किती, पीक कसं होतं. सात-बारा बघतात, बँकेचं पासबुक बघतात. शासनानं एका माणसाच्या आयुष्यात इतकं लक्ष घातलेलं त्या घरानं पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. अडचण एवढीच की तो माणूस तोवर गेलेला असतो. राख सावडायची असते आणि दारात शासन उभं असतं.

२०२३ साली मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या १,०८८ आत्महत्या सरकारदरबारी नोंदल्या गेल्या. म्हणजे दिवसाला तीन घरी ही विचारपूस झाली.

आता या समितीचा निकाल. पात्र किंवा अपात्र. पात्र ठरला तर एक लाख. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. हा दर २००६ च्या शासन निर्णयातला आहे. पात्र ठरायची कारणं तीन: नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा. यादी संपली. नैराश्य त्यात नाही. आजार त्यात नाही. आता घरच्यांनी काय सांगायचं? 'वर्षभरापासून तो गप्प झाला होता, रात्री उठून अंगणात फिरायचा, आम्ही डॉक्टरला दाखवलं होतं' असं खरं सांगितलं तर फाईल अपात्राच्या ढिगात जाण्याची भीती. मग आपले लोक शहाणे आहेत. दवाखान्याचा कागद पत्र्याच्या पेटीत खाली जातो, सोसायटीची नोटीस वर येते.

कर्ज खोटं असतं असं नाही, कर्ज असतंच. पण कर्ज सगळ्या गावाला असतं आणि तुटतो एकजण. तो का तुटला, हे कळायची एकमेव जागा म्हणजे ते घर. आणि त्या घरानं ते बोलू नये अशी सोय आपण शासन निर्णयातच करून ठेवलीय. वर पुन्हा परिसंवाद घ्यायचे: ग्रामीण भागात मानसिक आजार लपवतात हो, जनजागृती पाहिजे! प्रमुख पाहुणे जिल्हाधिकारी.

२०१५ मध्ये सरकारनं 'प्रेरणा प्रकल्प' काढला. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा, अशा चौदा जिल्ह्यांत. आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेला माणूस हुडकायचा, १०४ वर समुपदेशन. कल्पना उत्तम. फक्त आशाताईच्या पिशवीत क्षय, कुष्ठरोग, गरोदर माता, लसीकरण आणि पाण्याचे नमुने आधीच होते. खचलेल्या माणसाचा फॉर्म त्याच्या खाली गेला. आशाताईला कुणी विचारलं नाही की बाई, तू कशी आहेस?

आणि खचलेल्या माणसापर्यंत पोचणं होतच नाही असं कुणी म्हणू नये. अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' नावाचं काम झालं. गावातलीच माणसं शिकवून तयार केली, बोलायला आणि ऐकायला. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले चारजण उपचारापर्यंत पोचत होते, दीड वर्षात सत्तावीस. इमारत बांधली नाही, फीत कापली नाही. त्यामुळे ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. पुण्याच्या लोकांनी नाशिक जिल्ह्यातल्या गावांत 'आत्मीयता' सुरू केलं, तेही गावच्याच माणसांना हाताशी धरून. ते मोठं झालं कुठं? गुजरातमध्ये, मेहसाण्यात. उद्योग जातात म्हणून आपण विधानसभेत ओरडतो, हा गेला तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही.

लातूरकरांनी हसू नये. शेजारी बसून अभ्यासाचा 'लातूर पॅटर्न' चालवताय. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक पाहिजे, कोचिंग क्लासही त्यात आले. क्लासच्या फलकावर गुणवंतांचे फोटो चौऱ्याऐंशी, मी मोजलेत. समुपदेशकाचा एकही नव्हता. खरं तर लातूरला हे शिकवायची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली माणसं कित्येक महिने छताखाली झोपायला तयार नव्हती. घरं नवी बांधून दिली, गावं हलवली. ट्रक गेला तरी दचकून उठणारी ती पिढी अजून आहे, आता सत्तरीला आलीय. तिच्याशी बोलायला कोण गेलं, ते आठवून बघा.

जालन्याचं मनोरुग्णालय होऊ द्या, माझी ना नाही. पण मावशीच्या पोराला जालना नको आहे. त्याला तिसरी गोळी पाहिजे, गावापासून दहा किलोमीटरच्या आत, आणि महिन्यातून एकदा येऊन दहा मिनिटं बसणारं माणूस. आणि त्या २००६ च्या यादीत चौथं कारण लिहा, म्हणजे घरं खरं बोलतील. हे मुंबईत बसून एका सहीत होतं.

बाकी तुमच्या हातात. पुढच्या ग्रामसभेत विषय घ्या: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या आजाराच्या कोणत्या गोळ्या आहेत, आणि गेल्या तीन महिन्यांत किती दिवस नव्हत्या. उत्तर लिहून मागा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'स्वच्छ गाव सुंदर गाव'च्या शेजारी जागा शिल्लक आहे, तिथं मोठ्या अक्षरांत लिहा: टेलिमानस, मनाच्या आजाराची हेल्पलाईन, १४४१६, फोन फुकट, मराठीत बोलतात. रंगाचा डबा मी पाठवतो.