पोचे पाडून मिळतील

दुष्काळावर मांडणशिल्प म्हटलं की छताला घागरी टांगायच्या, हे आता ठरूनच गेलंय. यंदाच्या घागरी तांब्याच्या आहेत. मराठवाड्यात टँकरमागे धावणाऱ्या बाईच्या कमरेवर प्लास्टिकची निळी घागर असते. पण प्लास्टिक 'बोलत नाही', असं कलावंताचं म्हणणं. तांबं बोलतं. फक्त नवं तांबं भलतंच चकाकत होतं, खाऊनपिऊन सुखी दिसत होतं. मोडीतल्या जुन्या घागरी घ्याव्यात, तर त्यांचे पोचे नको तिथे. शेवटी तांबट बोलावला आणि नव्याकोऱ्या घागरींना पोचे पाडून घेतले. दर पोच्यामागे मजुरी. ज्याचा जन्म पोचे काढण्यात गेला, तो दिवसभर पोचे पाडत बसला. संध्याकाळी हाताच्या सवयीने त्याने दोन घागरी पुन्हा गुळगुळीत करून ठेवल्या म्हणे. अशा माणसाला वेदना काय कळणार!

माहितीपत्रकात पोच्याला 'व्यवस्थेचा स्पर्श' म्हटलंय. खाली पाटी : कृपया स्पर्श करू नये.

उद्घाटनाला पुढारी होतेच. एका पोच्यासमोर ते अंतर्मुख झाले. फोटो निघाल्यावर बहिर्मुख झाले.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी, म्हणजे बायका घागरी घेऊन घोळक्याने उभ्या राहिल्या तर गुन्हा. तीच घागर तांब्याची करून वातानुकूलित दालनात टांगली की घोळक्याला निमंत्रणपत्रिका! बरं, ती रिकामी का, हे कोणी टांगलंय का? जेमतेम चार टक्के जमिनीवरचा ऊस राज्याच्या सिंचनातलं निम्म्याहून जास्त पाणी पितो, हे अहवालांत छापून छापून शाई वाळली, मराठवाड्यातल्या कारखान्यांची धुराडी त्या हंगामातही पेटली, आणि आम्ही आपले माना वर करून घागरीच बघतोय. ऊस नाही, मोळी नाही, टँकरच्या बिलाची साधी झेरॉक्ससुद्धा नाही! अहो, टँकरच्या खेपा कागदावर किती आणि गावात किती, एवढे दोन आकडे कोणी खडूने भिंतीवर लिहिले असते, तर मी पदरचं तिकीट काढून गेलो असतो आणि घरच्यांनाही नेलं असतं.

एखादं उसाचं कांडं तरी ठेवायचं, असं मी संयोजकबाईंना म्हणालो.

"ऊस जरा फारच थेट होतो हो," त्या म्हणाल्या.

प्रायोजकांच्या फलकावर मात्र साखरेचं पोतं चांगलं ठसठशीत छापलंय.