न केलेल्या मुजऱ्याचा राजीनामा

अमेरिकेचं नागरिकत्व घेताना जी शपथ म्हणावी लागते, ती म्हणजे एकच लांबलचक वाक्य आहे. इंग्रजीत त्याचे शब्द भरतात १४० च्या आसपास आणि पूर्णविराम येतो तो पार शेवटी. त्यातला सर्वांत जोरकस भाग पहिलाच, त्यागाचा. आजवर ज्या परकीय राजाचा, अधिपतीचा, राज्याचा किंवा सार्वभौम सत्तेचा मी प्रजाजन वा नागरिक होतो, त्याच्यावरची सगळी निष्ठा मी निःशेष सोडतो, असं उजवा हात वर करून म्हणायचं. म्हणणारा कोण? डोंबिवलीहून पुण्याला आणि पुण्याहून न्यू जर्सीला गेलेला, कुणाचा तरी डेटाबेस सांभाळणारा पापभीरू गृहस्थ. उभ्या आयुष्यात त्याने हुकूम मानला तो सोसायटीच्या सेक्रेटरीचा, तोही पाण्याच्या वेळेपुरता. बादशहा त्याला भेटला तो पत्त्यांतच. अशा माणसाकडून राजेमहाराजांचा त्याग करून घेणं म्हणजे टकलाकडून कंगव्याचा त्याग करून घेण्यासारखं आहे. तरीही ही शपथ हास्यास्पद असली तरी मूर्खपणाची नाही, असं माझं म्हणणं आहे. ती माणसाकडून मागते ते त्याच्याकडे बहुधा नसतंच, आणि त्याच्याकडे जे असतं त्याला ती हात लावत नाही. यातच तिचं शहाणपण आहे.

मुळात हे राजे शपथेत शिरले कसे? १७९० च्या पहिल्या नागरिकत्व कायद्यात राज्यघटनेला पाठिंबा देण्याची शपथ होती आणि तेवढंच पुरेसं मानलं होतं. त्यागाचा मजकूर आला १७९५ साली. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जशी काडीमोड घेऊन फार वर्षं झाली नव्हती आणि फ्रान्समधल्या क्रांतीने हाकललेले उमराव अमेरिकेच्या बंदरांत उतरत होते. म्हणून त्याच कायद्यात आणखी एक कलम घातलं : वंशपरंपरागत किताब असेल तर तोही सोडावा लागेल. हे कलम अजून जिवंत आहे. अर्जात आजही तसा प्रश्न असतो, आणि किताब असलेल्याला तो समारंभात सर्वांदेखत खाली ठेवावा लागतो. आता देशमुख, इनामदार, जहागीरदार मंडळींनी काय लिहायचं? कायद्याच्या दृष्टीने उत्तर सोपं आहे, आडनाव म्हणजे किताब नव्हे. जहागीर गेली, कूळकायद्यात जमीन गेली, उरला तो थोडा ताठा, आणि ताठ्यासाठी अर्जात रकाना नाही. खराखुरा संस्थानिक असता तरी फरक पडला नसता. घटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने किताब बंद झाले होतेच, आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने राजांची मान्यता आणि तनखे दोन्ही गेले. अमेरिकेला हवा असलेला त्याग इंदिरा गांधींनी आगाऊच उरकून ठेवला होता.

शपथेआधीची वाटही याच जातीची. ग्रीन कार्डावर बहुतेकांची पाच वर्षं, मग अर्ज, बोटांचे ठसे, मुलाखत. नागरिकशास्त्राचे पूर्वी शंभर प्रश्न पाठ करावे लागत, त्यातले दहा विचारत, सहा बरोबर आले की पास. (२० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी प्रश्न १२८ झाले, विचारणार वीस, बरोबर हवेत बारा.) दहावीच्या बोर्डाला अपेक्षित प्रश्नसंच मुखोद्गत करून बसलेल्या माणसाला हे किरकोळ आहे. खरी कसोटी पास झाल्यावर लागते. काही ठिकाणी मुलाखतीच्याच दिवशी शपथ होते, काही ठिकाणी ती देण्याचा मान न्यायालयाने स्वतःकडे ठेवलेला असतो आणि मग न्यायाधीशांच्या सवडीने तारीख पडते. तोवर घरोघरी एकच प्रश्न : ‘ओथचं लेटर आलं का?’ शपथ होईपर्यंत माणूस नागरिक नसतो. मत नाही, पासपोर्ट नाही. निकाल लागलाय पण गुणपत्रिका शाळेच्या कपाटात आणि किल्ली शिपायाकडे, अशी ती अवस्था. शेवटी ते पत्र येतं, एन-४४५ नावाचं, आणि त्यात पुन्हा प्रश्न. मुलाखतीनंतर आजपर्यंत लग्न किंवा घटस्फोट झाला का? परदेशी गेलात का? वाहतुकीच्या नियमभंगाची पावती मिळाली का? कम्युनिस्ट पक्षात शिरलात का? एकाहून अधिक बायका केल्यात का? बेकायदा जुगारातून कमाई? अट्टल दारूडे झालात का? महिना-दीड महिन्यात इतकं सगळं करायला माणसाच्या अंगात धडाडी लागते. ती असती तर तो डेटाबेस सांभाळत बसला नसता. या काळात त्याने जे केलेलं असतं, म्हणजे पहाटे उठून कसोटी पाहिली, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च मनातल्या मनात मराठीत, पावकी-निमकीच्या हिशेबाने मांडला, त्याबद्दल चकार शब्द विचारत नाहीत. निष्ठा जिथे खरोखर मुक्कामाला असते, तिथे त्या कागदाची नजर जात नाही.

यावर कुणी म्हणेल, मग हा सगळा पोकळ देखावा झाला. कागद पोस्टाने पाठवा, शपथ फोनवर घ्या. कॅनडा २०२० पासून शपथ व्हिडिओवर देतोच आहे. अमेरिकेच्या कायद्यात मात्र शपथ जाहीर समारंभात व्हावी असं लिहिलंय, आणि ते इतक्या गांभीर्याने घेतलं जातं की कोविडच्या साथीत समारंभ थांबले होते, ते २०२०च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाले तेव्हा डेट्रॉइटमध्ये लोकांनी गाडीत बसल्या बसल्या खिडकीतून शपथ घेतली. नागरिकत्व आणि बर्गर एकाच पद्धतीने मिळाल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. पण शब्द पोकळ असतात हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. रोझिका श्विमर या हंगेरीत जन्मलेल्या शांततावादी बाईंना विचारलं गेलं, देशासाठी शस्त्र उचलाल का? बाई पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांच्या हाती बंदूक द्यायला कुठलंही सैन्य येणार नव्हतं. ‘हो’ म्हणून मोकळं होता आलं असतं. त्या नाही म्हणाल्या, १९२९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरल्या, आणि नागरिकत्वाशिवायच १९४८ मध्ये वारल्या. तो निकाल न्यायालयाने १९४६ मध्ये फिरवला, पण बाईंच्या पदरात काही पडलं नाही. जी गोष्ट कुणी मागणार नव्हतं तिच्यासाठी त्यांनी आयुष्यभराची किंमत मोजली. दुसरीकडे भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, सगळी शपथ तोंडभरून घ्यायला तयार होते. त्यांना तीनदा नागरिकत्व मिळालं आणि मधल्या काळात दोनदा काढून घेतलं गेलं, कारण हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही; १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच ठरवलं. (मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये गोऱ्यांत धरलं होतं. कातडीचा रंगही कोर्टात ठरतो, म्हणायचं.) हिंदुस्थानींना हा हक्क कायद्याने मिळाला तो १९४६ साली. ज्या वाक्याला आज आपण हसतो, ते म्हणायची परवानगी मिळावी म्हणून माणसं कज्जे लढली आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शपथेत काहीच जात नसेल, तर सभागृहात मराठी माणसाचे डोळे का भरून येतात? कारण काहीतरी जातं, हे खरं. पण ते अमेरिका घेत नाही. त्याच रांगेतला आयरिश किंवा मेक्सिकन शेजारी तोच त्याग तितक्याच खणखणीत आवाजात उच्चारतो आणि दोन पासपोर्ट खिशात घालून जेवायला जातो. अमेरिका त्याच्या मागे लागत नाही. आपल्याकडून घेतं ते दिल्लीचं कलम : १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातलं नववं. आपखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. ना हात वर, ना झेंडा, ना न्यायाधीशांचं भाषण. समोर एवढा गाजावाजा चाललेला असतो आणि खरा व्यवहार हजारो मैलांवर, कुणी उपस्थित नसताना, आपोआप पुरा होतो. मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळतं, नावात ‘नागरिक’ असलेलं पण मताचा अधिकार नसलेलं. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तर चालते. म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागू शकतं, पण त्यासाठी वडिलांना आधी जावं लागतं. डोळे भरतात ते यासाठी, आणि शपथेच्या १४० शब्दांत यातला एकही शब्द नाही.

समारंभातला सर्वांत प्रामाणिक भाग मला शपथ वाटत नाही, तिच्या आधीचा तासभर वाटतो. दाराशी ग्रीन कार्ड काढून घेतात. प्रमाणपत्र शपथ झाल्यावर. मधल्या वेळात शेकडो माणसं हातात कागदी झेंडा धरून, इस्त्रीच्या कपड्यांत, इथलं कार्ड नाही आणि तिथला पासपोर्ट शेवटच्या घटका मोजतोय अशा अवस्थेत खुर्च्यांवर बसलेली असतात. त्रिशंकूला निदान एकट्याला लटकावं लागलं होतं. इथे जोडीला सगळी सभा असते. पुष्कळ ठिकाणी मग देशांची नावं पुकारतात आणि ज्याचा त्याचा देश आला की तो उठून उभा राहतो. ज्या सत्तेचा आता त्याग करायचा, तिच्या नावाला उठून मान द्यायचा, आणि त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या! कायद्यात नसलेला हा भाग ज्या कुणाला सुचला, त्याला शपथेचं मर्म कळलं होतं.

मग शपथ, टाळ्या, फोटो, आणि हातात ते जाड कागदाचं प्रमाणपत्र. त्यावर छापलेलं असतं की कायदेशीर अधिकाराशिवाय याची नक्कल करणं हा गुन्हा आहे. इकडे भारताचा पासपोर्ट रीतसर परत करायचा, ओसीआय मागायचं, तर अर्जाला पहिला कागद जोडायचा तो याच प्रमाणपत्राच्या नकलेचा. कायदेशीर कामासाठी नक्कल चालते, हे खरं. पण ती सूचना वाचून पापभीरू माणसाच्या पोटात गोळा यायचा तो येतोच. तेव्हा राजे, अधिपती आणि सार्वभौम सत्ता सोडून तासही झालेला नसतो, आणि अमेरिकेचा नवाकोरा नागरिक पार्किंगमध्ये बायकोला हळूच विचारत असतो, इथे जवळपास झेरॉक्स कुठे मिळेल.